ज्येष्ठता यादीत आपलं नाव कुठे? सीमाभागातल्या नव्या कोर्ट कर्मचाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी किंवा बेळगावच्या जिल्हा न्यायालयात एसडीए (द्वितीय श्रेणी सहायक), टायपिस्ट, स्टेनो, प्रोसेस सर्व्हर (समन्स-नोटिसा बजावणारा) म्हणून नव्याने रुजू झालेल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. नोकरी लागली की पहिली काही वर्षं ज्येष्ठता यादीकडे कुणी फारसं बघत नाही. पुढे शिरस्तेदाराची, म्हणजे कोर्ट कार्यालय सांभाळणाऱ्या वरिष्ठ कर्मचाऱ्याची जागा रिकामी होते, बढतीची ऑर्डर निघते आणि आपल्या मागचा माणूस आपल्या पुढे गेलेला दिसतो. तेव्हा धावाधाव सुरू होते, पण हरकतीची मुदत कधीच संपलेली असते. माझं ठाम मत असं आहे की ज्येष्ठतेचं भांडण हायकोर्टात कमी आणि सेवापुस्तकात व नोटीस बोर्डासमोर जास्त जिंकलं किंवा हरलं जातं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिली पायरी: आपलं युनिट आणि आपली वाट ओळखा

तुम्ही खानापूरच्या कोर्टात बसत असलात तरी तिथले न्यायाधीश तुमचे नियुक्ती अधिकारी नाहीत. नियुक्ती करतात ते प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीश. त्यांच्यावर घटनेच्या कलम 235 प्रमाणे उच्च न्यायालयाचं नियंत्रण असतं. ज्येष्ठता मोजली जाते ती जिल्ह्याच्या युनिटमध्ये. त्यामुळे अथणी, गोकाक, रामदुर्ग, बैलहोंगल, हुक्केरी सगळीकडचे एसडीए एकाच यादीत येतात. धारवाड खंडपीठातले कर्मचारी मात्र उच्च न्यायालयाचे. त्यांना कलम 229 लागू होतं आणि त्यांची यादी वेगळी असते. तिथल्या मित्राचा अनुभव आपल्याला जसाच्या तसा लावू नका.

मुख्य वाट एसडीए, एफडीए (प्रथम श्रेणी सहायक), शिरस्तेदार आणि पुढे मुख्य प्रशासकीय अधिकारी अशी आहे. टायपिस्ट, बेलीफ, प्रोसेस सर्व्हर यांच्या वाटा या मुख्य वाटेला वेगवेगळ्या ठिकाणी येऊन मिळतात. जिथे दोन वाटा मिळतात तिथेच बहुतेक भांडणं उभी राहतात. म्हणून जिल्हा न्यायालयांच्या लिपिकवर्गीय पदांच्या भरती नियमांची प्रत पहिल्याच महिन्यात मिळवा. आपल्या वरच्या पदासमोर तीन गोष्टी बघा: किती जागा बढतीने भरायच्या, खालच्या कोणत्या पदातून भरायच्या, आणि त्या पदात किमान किती वर्षं सेवा लागते. सोबत भरती नियमांतल्या अलीकडच्या दुरुस्त्याही मागून घ्या. जुन्या प्रतीवर विसंबून केलेली हरकत पहिल्याच वाचनात पडते.

दुसरी पायरी: सेवापुस्तक उघडून बघा

आपल्याकडे सगळे त्याला एसआर म्हणतात. आस्थापना शाखेत जाऊन ते बघायला मागायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. नियुक्तीच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख, निवड यादीतला क्रमांक, रुजू झाल्याची तारीख आणि ती सकाळची की दुपारनंतरची, जन्मतारीख, प्रवर्ग, बिनपगारी रजा, पास झालेल्या परीक्षा, हे सगळं एकेक करून ताडून पाहा. चूक दिसली तर तोंडी सांगून सोडून देऊ नका. अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. एसआरमधली चुकीची नोंद पुढे जशीच्या तशी ज्येष्ठता यादीत उतरते, आणि दहा वर्षं कुणी हरकत घेतली नाही की तीच खरी मानली जाते.

इथे कन्नड परीक्षेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या मुलांचं सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं. कर्नाटकात सेवा परीक्षा आणि कन्नड भाषा परीक्षा यांचे 1974 चे नियम आहेत आणि या परीक्षा केपीएससी, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोग घेतो. दहावी मराठी माध्यमातून झालेल्याला कन्नड परीक्षेतून सूट मिळेल की नाही, हे दहावीला कन्नड कोणती भाषा म्हणून होती आणि किती गुणांची होती यावर ठरतं. मित्राला मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल असं धरू नका. गुणपत्रिका जोडून कार्यालयाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर एसआरमध्ये लावून घ्या. सूट नसेल तर लगेच पुढच्या सत्राचा फॉर्म भरा. कोर्टाचं कामकाज कन्नडात चालतं, रोजची बोलीभाषा आपल्याला येतेच. राहतं ते लिहिणं आणि टिप्पणी करणं, आणि ते वर्षभरात जमतं.

परीक्षा लांबली की प्रोबेशन लांबतं. 1977 च्या प्रोबेशन नियमांप्रमाणे हा काळ दोन वर्षांपेक्षा कमी नसतो आणि त्यात बिनपगारी रजा धरली जात नाही. शिवाय दोन वर्षं झाली म्हणजे प्रोबेशन आपोआप संपलं असं होत नाही, तसा आदेश निघावा लागतो. कन्नड कागदांत याला खायंपूर्व सेवावधी म्हणतात. तो संपल्याचा आदेश एसआरमध्ये आहे का बघा, नसेल तर मागा. मूळ पदातला तुमचा क्रमांक यामुळे सहसा हलत नाही, कारण 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्रातल्या थेट भरती अभियंत्यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की नियमाप्रमाणे नेमणूक झालेल्याची ज्येष्ठता नेमणुकीपासून मोजायची, कायम केल्याच्या तारखेपासून नाही. पण बढतीच्या दिवशी तुम्ही परीक्षा पास नसाल तर तुम्ही पात्रच नाही. तुमच्या खालचा पास झालेला माणूस आधी एफडीए होतो आणि त्या पदात तो तुम्हाला सीनियर होतो. पुढे शिरस्तेदाराच्या जागेसाठी मोजली जाते ती एफडीएतली ज्येष्ठता.

तिसरी पायरी: क्रमांक कसा लागतो ते समजून घ्या

कर्नाटकात यासाठी 1957 चे ज्येष्ठता नियम आहेत. वर्षाकडे लक्ष द्या. त्याच्या आदल्याच वर्षी, 1956 मध्ये, चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. मुंबई, हैदराबाद, मद्रास, कूर्ग आणि जुनं म्हैसूर अशा पाच ठिकाणचे कर्मचारी एका राज्यात आले आणि त्यांच्या एकत्र याद्या करायची वेळ आली. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 115 ने त्यांच्या सेवाशर्तींना संरक्षण दिलं, तरी त्या याद्यांवरचे खटले वर्षानुवर्षं चालले. आजच्या नव्या मुलाला तो इतिहास कोर्टात मांडायचा नाही, पण हे नियम कशातून आले ते ठाऊक असावं.

थेट भरतीच्या एकाच निवडीतल्या मुलांचा क्रम निवड यादीतल्या गुणवत्तेवर लागतो. दिलेल्या मुदतीत कुणी चार दिवस आधी रुजू झाला म्हणून तो सीनियर होत नाही. आरक्षणाच्या रोस्टरमधला, म्हणजे जागावाटपाच्या तक्त्यातला बिंदू नेमणुकीसाठी असतो, एकाच बॅचमधली ज्येष्ठता त्यावर ठरत नाही. थेट भरतीचा आणि बढतीचा माणूस एकाच तारखेला त्या पदावर आले तर 1957 च्या नियमांप्रमाणे थेट भरतीचा वर येतो. अनुकंपा तत्त्वावर लागलेल्यांची ज्येष्ठता स्वतःच्या नेमणुकीपासून, वडील वारल्याच्या तारखेपासून नाही. जागा आधीपासून रिकामी होती म्हणून आपल्याला त्या तारखेपासून धरा, ही मागणीही सहसा टिकत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेघचंद्र सिंग प्रकरणात तसंच म्हटलं.

आरक्षणातून बढती मिळालेल्यांच्या ज्येष्ठतेचा प्रश्न कर्नाटकात फार गाजला. त्याबद्दलच्या राज्याच्या 2002 च्या कायद्याची मुख्य कलमं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये बी. के. पवित्रा प्रकरणात रद्द केली आणि तीन महिन्यांत याद्या सुधारायला सांगितलं. राज्याने नवा कायदा केला आणि मे 2019 मध्ये तो वैध ठरला. त्यामुळे 2017 ते 2019 मधली एखादी जुनी यादी हाताशी धरून कुणी वाद घालत असेल तर आधी विचारा, ती यादी पुढे बदलली का?

चौथी पायरी: बदलीच्या अर्जावर सही करण्याआधी थांबा

घराजवळ यायची ओढ मला समजते. मूळचा खानापूरचा मुलगा बागलकोट किंवा गदग जिल्ह्याच्या युनिटमध्ये लागतो, घरी आईवडील थकलेले असतात, तो बेळगावला बदली मागतो. बदली मिळतेही. पण 1957 च्या नियमांतल्या नियम 6 प्रमाणे सार्वजनिक हितासाठी झालेल्या बदलीत आधीची ज्येष्ठता टिकते, आणि स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या युनिटमध्ये गेलात तर त्या दिवशी तिथे असलेल्या सगळ्यांच्या खाली तुमचं नाव जातं. आठ वर्षांचा एसडीए परवा लागलेल्या एसडीएच्या मागे जाऊन बसतो. पगार, वेतनवाढ, पेन्शनची सेवा हे सगळं तसंच राहतं, पण बढतीची रांग नव्याने सुरू होते. बहुतेक वेळा अशी अट मान्य असल्याचं हमीपत्र अर्जासोबत लिहून घेतलेलं असतं, आणि एकदा ते दिल्यावर पुढे कोर्टही ऐकत नाही.

म्हणून हिशोब करा. आई आजारी असेल आणि बढतीला अजून पंधरा वर्षं असतील तर बदली घ्या, मनात किंतु ठेवू नका. पण पुढच्या दोन वर्षांत एफडीए होणार असाल तर आधी काही काळासाठी ओओडीवर, म्हणजे मूळ युनिटमधलं नाव कायम ठेवून, येता येतं का विचारा. एकाच जिल्ह्यातल्या बदलीची मात्र काळजी नको. अथणीहून बेळगावला विनंतीवर आलात तरी यादी तीच राहते.

याच जागी आणखी दोन गैरसमज दिसतात. एक, कर्नाटक नागरी सेवा नियमांतल्या (केसीएसआर) नियम 32 खालचा प्रभार. शिरस्तेदाराची जागा रिकामी असते, तुम्हाला त्या कामाचा प्रभार दिला जातो, टेबलावर पाटीही लागते. तरीही ती बढती नव्हे, आणि त्या काळाची त्या पदातली ज्येष्ठता मिळत नाही. दुसरा, 10, 15 आणि 20 वर्षांच्या सेवेनंतर मिळणारे कालबद्ध लाभ. ते पगाराचे आहेत, पद तेच राहतं. उलट बाजूही लक्षात घ्या: रामदुर्गला पोस्टिंग आलं म्हणून बढती लेखी नाकारलीत तर तुमच्या मागचा माणूस वरच्या पदावर आधी जातो, आणि नंतर तक्रारीला जागा उरत नाही.

पाचवी पायरी: तात्पुरती यादी लागली की

कन्नडात तिचं नाव तात्कालिक ज्येष्ठता पट्टी. ती जिल्हा न्यायालयाच्या नोटीस बोर्डावर लागते, तालुक्याच्या कोर्टांना प्रती जातात आणि सहीसाठी फिरवल्या जातात. सही करताना तारीख घाला आणि यादीचा फोटो काढा. हरकतीची मुदत अधिसूचनेतच लिहिलेली असते आणि ती लहान असते. या दिवसांत रजेवर असाल तर सहकाऱ्याला सांगून ठेवा.

यादीत आधी स्वतःची ओळ वाचा, मग स्वतःच्या वरच्या किमान दहा ओळी. वरच्यांच्या नेमणुकीची तारीख, भरतीचा प्रकार आणि शेरा यांवर नजर फिरवा. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला कुणी जुन्या तारखेसह वर बसला आहे का? प्रभाराचा काळ बढती म्हणून धरला आहे का? एकाच बॅचमधल्या दोघांचा क्रम निवड यादीशी जुळतो का?

हरकत दोन पानांपेक्षा मोठी नको. ती कन्नडात किंवा इंग्रजीत द्यावी लागेल, पण आधी मनाशी मराठीत अशी बांधून घ्या: ‘तात्पुरत्या यादीत माझा क्रमांक अमुक आहे. माझी नेमणूक अमुक तारखेच्या आदेशाने, निवड यादीत अमुक क्रमांकावर झाली. क्रमांक अमुक ते अमुकवरचे कर्मचारी त्याच निवडीत माझ्या खाली होते. नियमाप्रमाणे माझं नाव त्यांच्या वर यायला हवं. निवड यादी आणि नेमणुकीचा आदेश सोबत जोडला आहे. दुरुस्ती करून मला कळवावं.’ बास. तक्रारीचा इतिहास, कोण कुणाच्या ओळखीचा, कुणी काय बोललं, यातलं काहीही नको.

अर्ज आपल्या कार्यालय प्रमुखांमार्फतच पाठवा. आगाऊ प्रत जिल्हा न्यायालयाच्या आवक शाखेत देऊन शिक्का घ्या. हा शिक्का मारलेला कागद म्हणजे पुढच्या सगळ्या लढाईचा पाया.

एक कळकळीची गोष्ट. ज्याच्या क्रमांकावर तुम्ही हरकत घेता तो बहुधा शेजारच्या टेबलावर बसतो. त्याला आधी सांगा. त्याचाही काही आधार असेल, त्याच्याकडे एखादा आदेश असेल जो तुम्ही पाहिलेला नाही. अशा चहावरच्या बोलण्यातून किती तरी वाद मिटतात. आणि आणखी एक, जे सीमाभागात बोलायला अवघड आहे: मराठी म्हणून डावललं, हे वाक्य हरकतीत घालू नका. मनात ती सल असू शकते आणि ती उगाच आलेली नसते. पण दुष्ट हेतूचा आरोप केला की कोणी, कधी, काय केलं ते सांगावं लागतं आणि त्या व्यक्तीला नावाने प्रतिवादी करावं लागतं. पुरावा नसेल तर तो आरोप तुमचा तारखांचा खणखणीत मुद्दाही पातळ करतो.

सहावी पायरी: हरकत फेटाळली किंवा उत्तरच आलं नाही तर

अंतिम यादी निघाल्यावर घड्याळ सुरू होतं. उच्च न्यायालयातल्या रिट अर्जाला कायद्यात ठरावीक मुदत नाही, म्हणून लोक निवांत राहतात आणि दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र पाठवतात. स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सी. जेकब प्रकरणात सांगितलं आहे. कनिष्ठाच्या बढतीला आव्हान सहा महिने, फार तर वर्षभरात द्यावं, असं 1974 च्या सदाशिवस्वामी प्रकरणात म्हटलं आहे. ज्येष्ठता यादीला तीन-चार वर्षांनंतर हात लावायचा तर उशिराचं पटेल असं कारण द्यावं लागतं, हे शिबा शंकर महापात्र प्रकरणात आलं. माझ्या मते सहा महिन्यांच्या आत वकिलाकडे कागद गेलेच पाहिजेत.

कुठे जायचं, यात नवी माणसं हमखास चुकतात. बेळगावातच कर्नाटक प्रशासकीय न्यायाधिकरणाचं पीठ आहे. महसूल, शिक्षण खात्यातले आपले मित्र तिथेच जातात. पण 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याचं कलम 2 न्यायालयांच्या कर्मचाऱ्यांना त्यातून वगळतं. कनिष्ठ न्यायालयांचे कर्मचारीही त्यात आले. तुम्हाला कलम 226 खाली रिट अर्ज घेऊन उच्च न्यायालयातच जावं लागतं. बेळगाव आणि कारवारकडच्यांसाठी ते धारवाडचं खंडपीठ. 2008 मध्ये ते फिरतं पीठ म्हणून सुरू झालं आणि 2013 पासून कायम आहे. बिदर आणि विजयपूरकडच्यांना कलबुर्गी खंडपीठ.

आपल्याच वरिष्ठ न्यायालयाविरुद्ध आपण कसं जायचं, ही भीती बहुतेकांना असते. उच्च न्यायालयाची प्रशासकीय बाजू आणि न्यायिक बाजू वेगळ्या असतात. रजिस्ट्रार जनरल प्रतिवादी असलेले असे अर्ज तिथे नेहमी चालतात आणि कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकालही लागतात.

वकिलाला भेटताना नेमणुकीचा आदेश, निवड यादी, एसआरची प्रत, दोन्ही याद्या, शिक्क्याची हरकत, फेटाळल्याचा आदेश आणि कनिष्ठाच्या बढतीची ऑर्डर तारखेप्रमाणे लावून न्या. एखादा कागद कार्यालय देत नसेल तर माहिती अधिकारात मागा, 30 दिवसांत उत्तर यायला हवं. याद्या आणि आदेश मिळू शकतात. दुसऱ्याचा गोपनीय अहवाल मात्र मागू नका, 2012 च्या गिरीश देशपांडे प्रकरणापासून तो वैयक्तिक माहितीत धरला जातो. स्वतःचा अहवाल मागा. त्यात खराब शेरा असेल आणि तो तुम्हाला कळवलेला नसेल, तर 2008 च्या देव दत्त प्रकरणाचा आधार आहे.

अर्जात ज्यांचा क्रमांक खाली जाईल त्यांना नावाने पक्षकार करा. 1984 च्या प्रबोध वर्मा प्रकरणापासून हा नियम पक्का आहे, आणि केवळ या एका कारणावरून चांगले अर्ज पडतात. नावं जास्त असतील तर निदान प्रातिनिधिक म्हणून काहींना घ्या.

मागणीही जपून लिहा. मला शिरस्तेदार करा, असा हुकूम कोर्ट सहसा देत नाही. बढती हा हक्क नाही, बढतीसाठी विचार होणं हा हक्क आहे. 1968 मध्ये म्हैसूर राज्य विरुद्ध सय्यद महमूद या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच केलं: ज्येष्ठतेने पुढे असलेल्यांचा विचार न करताच कनिष्ठांना बढती दिली होती, म्हणून त्यांचा त्या तारखेपासून विचार करा, असं राज्याला सांगितलं. त्यामुळे यादी रद्द करा, माझा क्रमांक सुधारा आणि कनिष्ठाला बढती मिळाली त्या तारखेपासून माझा विचार करा, अशी मागणी ठेवा. सोबत अंतरिम मागणी अशी करा की दरम्यानच्या बढत्या या अर्जाच्या निकालाला बांधील राहाव्यात. ही स्थगितीपेक्षा सहज मिळते आणि कार्यालयाचं कामही अडत नाही.

एका न्यायमूर्तींपुढे अर्ज फेटाळला गेला तर 1961 च्या कर्नाटक उच्च न्यायालय कायद्याच्या कलम 4 खाली द्विसदस्यीय पीठापुढे अपील करता येतं. त्याला 30 दिवस मिळतात. निकालाची प्रमाणित प्रत लगेच मागा.

आणि निकाल बाजूने लागला तर प्रत मिळताच ती अर्जासह जिल्हा न्यायालयात द्या, पुन्हा शिक्का घ्या. मागच्या तारखेपासून बढती मिळाली तरी मधल्या काळाचा फरक रोख मिळेलच असं नाही. पुष्कळदा ती बढती कागदोपत्री धरून फक्त वेतननिश्चिती होते. म्हणून थकबाकीबद्दल निकालात काय शब्द आहेत ते वकिलाकडून समजून घ्या. कार्यालय हलत नसेल तर अवमान अर्जाची वाट आहे, पण तिलाही एक वर्षाची मर्यादा आहे. सुधारित यादी निघाली की आपली ओळ पुन्हा वाचा आणि एसआरमध्ये नवी नोंद झाली का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.